उसने शब्द, आपली तहान

नगर,
आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रिय बाळ,



तुझा भला मोठा मेसेज वाचला. जोडलेल्या हातांचं चित्र टाकून भागण्यासारखा तो नव्हता, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. तुझ्या आईजवळ यातलं काही बोलले नाही, बोलणारही नाही.

तुझं दुखणं मला कळलं ते असं. तिकडे बर्मिंगहॅमला रात्रपाळी संपवून खोलीवर येतेस तेव्हा देवाची ओढ लागते, जीव कासावीस होतो. पण प्रार्थनेला बसलीस की तोंडून निघते ती यादी: व्हिसा, आईचं ब्लड प्रेशर, धाकट्याची नोकरी, खोलीचं भाडं. यादी संपते, आमेन होतं आणि ओढ तशीच राहते. आणि तिथल्या प्रार्थना-संगतीत इतर जण प्रार्थना करतात तेव्हा त्यांच्या तोंडून वचनामागून वचन येतं. तसं करायची तुला भीती वाटते. दुसऱ्याचे शब्द देवापुढे बोलले तर ते ढोंग होईल, असं तू लिहिलं आहेस.

ढोंगाची भीती वाटते हे चांगलंच, ती राहू दे. पण माझं सांगणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना चाचपडायला नको. शब्द उसने घे. पवित्र शास्त्रातून घे, बिनदिक्कत घे, आणि घेशील तेव्हा तुकडा न घेता आख्खं स्तोत्र घे. शेजारणीकडून विरजण आणलं म्हणून दही तिचं होत नाही. ते आपल्याच दुधाचं लागतं. तुझी ओढ हे तुझं दूध. विरजणावाचून ते नुसतंच नासायला लागलंय.

शास्त्रातली माणसंच बघ ना. मरीया अलिशिबेच्या घरी जे गाते ते लूकच्या पहिल्या अध्यायात आहे. ते वाचून लगेच १ शमुवेलचा दुसरा अध्याय उघड. तिथे हन्ना गाते. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे खाल्लेली ही बाई. प्रार्थना करताना तिचे नुसते ओठ हलताना पाहून याजकाला ती दारू प्यालेली वाटली होती. शमुवेल झाल्यावर तिने जे गायलं त्याचंच वळण मरीयेच्या गाण्याला आहे. बलवान खाली येतात, दीन वर उचलले जातात, भुकेल्यांची पोटं भरतात. मरीयेवर जे गुदरलं ते तिच्याआधी कुणावरच गुदरलं नव्हतं. तरी बोलायची वेळ आली तेव्हा तिने शेकडो वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या तोंडचं गाणं उचललं.

योनाचं तसंच. माशाच्या पोटातून त्याने केलेली प्रार्थना स्तोत्रांच्या तुकड्यांनीच विणलेली आहे. लाटा डोक्यावरून गेल्याचं त्याचं वाक्य ४२व्या स्तोत्रात जवळजवळ जसंच्या तसं सापडतं. स्तोत्रकर्ता आपल्या दुःखाला लाटा म्हणाला होता. योनाच्या डोक्यावर खरोखरीचा समुद्र होता. आणि प्रभू येशू? वधस्तंभावर त्याने फोडलेला टाहो २२व्या स्तोत्रातला आहे. शेवटचा श्वास सोडताना आत्मा पित्याच्या हाती सोपवला तेही ३१व्या स्तोत्राच्या शब्दांत. देवाच्या पुत्राला नवे शब्द सुचले नसते असं थोडंच आहे? सभास्थानात जे ऐकत तो वाढला तेच जीव जाताना ओठांवर आलं. आता सांग, यांतल्या कुणाला ढोंगी म्हणशील?

तुझ्या भीतीत एक खरा भाग आहे, तोही टाळत नाही. वचन बोलणारा प्रत्येक जण तहानलेला असतोच असं नाही. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितलं तेव्हा पुरावा म्हणून ९१वं स्तोत्र काढलं होतं. आपल्याकडे कितीतरी घरांच्या भिंतींवर टांगलेलं असतं तेच. प्रभूने तिन्ही वेळा दिलेलं उत्तरही शास्त्रातलंच, अनुवादाच्या पुस्तकातलं. म्हणजे वचनं दोन्हीकडे होती. एकाला त्या वचनाच्या जोरावर खेळ करून बघायचा होता. दुसरा ४० दिवसांचा उपाशी होता आणि वचनावरच तगून होता. ईयोबाच्या मित्रांचंही तेच झालं. देवाविषयी ते किती नेटकं, किती बिनचूक बोलले! शेवटी परमेश्वर रागावला तो त्यांच्यावर. आरडाओरडा करणाऱ्या, देवालाच जाब विचारणाऱ्या ईयोबाचं बोलणं मात्र त्याने योग्य ठरवलं.

यातून पारख हाती लागते. समोरच्याला गप्प करायला वचन वापरलं की ते बिघडलं. मूल गमावलेल्या आईच्या पुढ्यात, तिचं रडणं थांबावं म्हणून, आशीर्वादाचं वचन टाकणारी माणसं मी सांत्वनसभांतून पाहिली आहेत. तेच वचन त्या आईने स्वतः रडत रडत म्हटलं तर त्यात ढोंग कसलं? संगतीतल्या इतरांची पारख करत बसू नकोस. त्यांच्या पोटात काय आहे ते देव बघेल. तू तुझ्यापुरतं बघ.

आता आख्खं घे म्हणते ते का. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाच्या चिठ्ठ्या वाटतात, त्या तुला आठवत असतील. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन, देवाच्या मनातल्या भल्याच्या बेतांचं, हमखास कुणाला तरी मिळायचं आणि ज्याला मिळेल तो खूश व्हायचा. हल्ली मोबाइलवर सूर्योदयाच्या चित्रावर तेच येतं. पण हे वचन एका पत्रातलं आहे. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून लिहिलेलं ते पत्र. ख्रिस्तपूर्व ५९७मध्ये राजासकट नेलेली ही माणसं आज ना उद्या घरी जाऊ म्हणून गाठोडी बांधून बसली होती, आणि तसंच सांगणारे संदेष्टेही त्यांना भेटले होते. यिर्मया त्यांना सांगतो की घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. अकराव्याच्या लगेच आधी, दहाव्या वचनात, मुदतही सांगून टाकतो: ७० वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या कर्त्या माणसांपैकी बहुतेकांची माती बाबेलातच होणार होती.

चिठ्ठीवर हे दहावं वचन कुणी छापत नाही. तू परक्या शहरात परक्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवतेस, त्यांचे बेडपॅन उचलतेस. तुला अकराव्याइतकीच दहाव्याची गरज आहे, आणि शहरासाठी प्रार्थना करायला सांगणाऱ्या सातव्याची तर जास्तच. मोबाइलवरच्या एका वचनाने तुझं काही हलत नाही म्हणतेस, त्यात तुझ्या विश्वासाचा दोष काढू नकोस. पानातून कापून काढलेलं वाक्य आहे ते. त्याच्या आधीचं रडणं आणि नंतरची वाट पाहणं त्याच्याबरोबर आलेलं नसतं.

तुझ्या दुखण्याचं स्तोत्र ४२वं. ४३वंही त्यालाच जोडून वाच; दोन्ही मिळून एकच गीत आहे, कारण एकच पालुपद तीनदा येतं, दोनदा ४२व्यात आणि शेवटी ४३व्यात. हे कोरहाच्या वंशजांचं. कोरह म्हणजे मोशेविरुद्ध बंड करून जमिनीत गडप झालेला तोच. त्याची मुलं मात्र वाचली, आणि पुढे त्या घराण्याकडे मंदिराची द्वारपाळी आणि गायन आलं. शास्त्रातली देवाच्या ओढीची सर्वांत आर्त गीतं एका बंडखोराच्या वंशजांनी गायलेली आहेत, हे विसरू नकोस.

आता गाणारा कुठे आहे ते बघ. यार्देनेचा प्रदेश, हर्मोनाचा डोंगर. यरुशलेमेपासून दूर उत्तरेला, जिथे यार्देन उगम पावते आणि पाणी कड्यांवरून कोसळतं, तिथे हा अडकला आहे. एके काळी सणाच्या दिवशी मोठ्या जमावाबरोबर गात-गर्जत देवाच्या घरी जायचा. आता भोवतालचे लोक रोज टोचतात की तुझा देव कुठाय. रडणं हेच त्याचं दोन वेळचं जेवण झालं आहे. सुरुवात होते ती पाण्यासाठी धापा टाकणाऱ्या हरणीने. आणि जरा पुढे गेलीस की तोच माणूस धबधब्यांच्या आवाजात, लाटांखाली बुडतो आहे. पाण्यासाठी तडफडणारा पाण्यातच गुदमरतो! गीत रचणाऱ्याला एवढी विसंगती कळत नव्हती का? चांगली कळत होती. देवाची ओढ लागलेल्या माणसाची हीच गत असते. कोरड पडलेली असते आणि त्याच वेळी आयुष्य नाकातोंडात जात असतं. तुझ्या मेसेजमध्येही दोन्ही आहे. वर देव नाही म्हणून कोरडी आहेस, आणि खाली तीन पानं भरून व्हिसा आणि आजारपणं.

या गीतात आणखी एक गोष्ट आहे. मधेच हा देवाशी बोलणं थांबवतो आणि स्वतःच्याच जिवाशी बोलायला लागतो. का रे इतका खचलास, असं त्यालाच विचारतो आणि देवाची आशा धरायला सांगतो. जीव काही ऐकत नाही. दोन कडव्यांनी परत खचतो. हा परत तेच विचारतो. तिसऱ्यांदा परत. गीत संपतं तेव्हाही तो यरुशलेमेला पोहोचलेला नाही. प्रकाश पाठव, सत्य पाठव, ते मला हाताला धरून वेदीपर्यंत नेऊ दे, एवढं मागून तेच पालुपद म्हणत उभा आहे. पोहोचण्याआधीचं गाणं शास्त्रात ठेवलं आहे, आणि हजारो वर्षं लोकांनी ते उपासना म्हणून गायलं आहे. तेव्हा ओढ शमली नाही म्हणजे प्रार्थना फुकट गेली, हा हिशेब सोडून दे.

यादीचं म्हणशील, तर यादी बंद करू नकोस. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर आहे. फक्त यादीच्या शेजारी ६३वं स्तोत्र ठेव. तुझ्या आजीचं शास्त्र माझ्याकडे आहे. त्यात या स्तोत्राच्या समासात तिने पेन्सिलीने एवढंच लिहिलं आहे: "१९७२. खडी." त्या साली आपल्या जिल्ह्यात विहिरींचे तळ दिसत होते. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात मिलो ज्वारीच्या भाकरी आणि कामावर मिळालेली सुकडी. रात्री कंदिलाच्या उजेडात कौटुंबिक उपासना व्हायची आणि ती हे स्तोत्र काढायची. यहूदाच्या रानातलं स्तोत्र म्हणून त्याचा मथळाच सांगतो. निर्जळ, शिणलेली जमीन त्याच्या पहिल्याच वाक्यात आहे. माझ्या आईचे हात तेव्हा फोडांनी भरलेले असायचे. निर्जळ जमीन म्हणजे काय हे तिला कुणी उलगडून सांगायला नको होतं.

आता हे स्तोत्र नीट वाच आणि त्यात काय नाही ते शोध. त्या सगळ्या उन्हात पाण्याची मागणी कुठेही नाही. खरं तर त्यात कसलीच मागणी नाही. तहान आहे, पूर्वी पवित्रस्थानात पाहिलेल्याची आठवण आहे, अंथरुणावर पडून रात्रीच्या प्रहरी केलेलं चिंतन आहे, देवाला बिलगणं आहे. पावसासाठी आई वेगळी प्रार्थना करायची, मंडळीबरोबर करायची, मोठ्याने करायची. पण हे स्तोत्र म्हणताना ती काही मागत नव्हती. दिवसातून एकदा असं काही न मागता बसायला तुलाही शब्द लागतील. ते इथे आहेत.

रात्रपाळीसाठी १३०वं. आठच वचनं आहेत, ड्युटीवरही तोंडपाठ म्हणता येतील. खोल गर्तेतून हाक मारणारा हा माणूस पहारेकऱ्यांनी पहाटेची वाट पाहावी त्याहून अधिक देवाची वाट पाहतो, आणि हे तो लागोपाठ दोनदा सांगतो. दोनदा का, ते दिवसपाळीच्या माणसाला कळायचं नाही. तुला कळेल. तिकडे डिसेंबरात आठ वाजत आले तरी उजाडत नाही म्हणतेस. पहाटे चारला वॉर्डात काय असतं ते तुला माहीत आहे. कुणाचा ताप चढतो, कुणी अंधारात आईला हाका मारतं, घड्याळाचा काटा हलत नाही. पण सकाळ होणार की नाही अशी शंका तुला कधी येते का? पहारेकऱ्यालाही येत नाही. सकाळ आपल्या हातात नाही, आणि ती चुकतही नाही. ख्रिस्ती माणसाचं वाट पाहणं या जातीचं आहे. आगमनकाळाचे हे चार आठवडे मंडळीने त्याच्याच सरावासाठी ठेवले आहेत.

कधी सकाळ दिसणारच नाही. अशा दिवसासाठी ८८वं आहे, तेही कोरहवंशीयांचंच. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. जिवलग दूर गेले, अंधार उरला, तिथेच संपतं. उपासनेत ते फारसं कुणी वाचत नाही. तू वाच. त्याच्या शेवटी आपल्या पदरची आशा चिकटवू नकोस. इतकं काळोखं बोलणंही देवाने आपल्या ग्रंथात राहू दिलं, तेव्हा तुझी एखादी काळी रात्रही तो ऐकून घेईल. आपल्यापेक्षा मोठ्यांना याची गरज पडली आहे. संत ऑगस्टीन ४३०मध्ये हिप्पो शहरात मरणशय्येवर होते. बाहेर शहराला वेढा पडलेला. त्यांनी दावीदाची पश्चात्तापाची स्तोत्रं उतरवून घेऊन अंथरुणासमोरच्या भिंतीवर लावली होती आणि ती वाचत ते रडत असत, असं त्यांचा चरित्रकार पोसिदियुस सांगतो. उभं आयुष्य शब्दांत घालवलेला, शेकडो प्रवचनं दिलेला हा माणूस. मरताना त्याने स्वतःचं एकही पुस्तक भिंतीवर लावलं नाही.

गीतरत्नाविषयीही सांगते, कारण ते पुस्तक आपल्या मंडळ्यांतून लग्नाच्या उपासनेपलीकडे कुणी उघडत नाही. रात्री उठून प्रियकराला गल्लोगल्ली शोधत फिरणारी ती नायिका आहे ना, तिच्यात ख्रिस्ती भक्तांनी शतकानुशतकं स्वतःचा जीव पाहिला. बाराव्या शतकातल्या क्लेर्वोच्या बर्नार्डने त्या एका पुस्तकावर ८६ प्रवचनं लिहिली आणि तरी जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंत पोहोचला. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या ऐकत वाढलेले लोक आपण. देवासाठी विरहिणी होणं म्हणजे काय हे इथे शाळकरी पोरालाही समजतं.

म्हणूनच, इंग्रजीत प्रार्थना जमत नाही म्हणून खंत करू नकोस. मराठीत कर. या भाषेत ख्रिस्ताची ओढ ४०० वर्षांहून जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९मध्ये गोव्यात आले, आणि १६१६मध्ये त्यांचं क्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं, जवळजवळ ११,००० ओव्यांचं. जुनी पुराणं बंद झाली, मग आता आम्ही वाचायचं काय, असा प्रश्न नव्या ख्रिस्ती लोकांकडून आल्याचं त्याच ग्रंथात सांगितलं आहे. भक्ती बदलली तरी जिभेला शब्द लागतातच, हे त्या परदेशी पाद्रींना कळलं आणि त्यांनी शास्त्राची कथा ओवीत घातली. पुढे नारायण वामन टिळक आले. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. त्यांची पदं तू शब्बाथ शाळेत टाळ्या वाजवत म्हटली आहेस. १९१९मध्ये ते गेले तेव्हा ख्रिस्तायन अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. जिला लिहा-वाचायचं शिक्षण असं कधी धड मिळालं नाही, त्या बाईने!

आणि पंडिता रमाबाई. ऐन तरुणपणी दुष्काळात आई, वडील, बहीण गेलेली. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो अनाथ, विधवा बायकांचा संसार सांभाळताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि आख्ख्या शास्त्राचं भाषांतर हाती घेतलं. पंडितांसाठी केलं नाही. साध्या बायकांना समजावं म्हणून साध्या मराठीत केलं, आणि त्यांच्याच छापखान्यात मुक्तीतल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले. १९२१मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली. काम थांबलं नाही. एप्रिल १९२२मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. लेकीच्या मरणानंतरच्या त्या महिन्यांत त्या शास्त्राची कुठली पानं तपासत बसल्या असतील, याचा विचार मी पुष्कळदा करते. मराठी शास्त्र कंटाळून बाजूला ठेवतेस तेव्हा ते मराठीत आणण्यासाठी अशाही बायका खपल्या आहेत हे आठव.

आता कामाचं बोलते.

रोज दोन स्तोत्रं वाच, कामावर जाताना एक, आल्यावर एक. क्रमानेच जा. १५० संपली की पुन्हा पहिल्यापासून. आवडती निवडत बसलीस तर ठरावीक पाच-सहाच होतील आणि ८८वं कधी येणारच नाही. संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणारे मठवासी आठवड्यात १५० पुरी करत. तुला तेवढी घाई नको.

मोठ्याने वाच, निदान ओठ हलव. हन्नेने हलवले होते. डोळ्यांनी वाचलेलं स्तोत्र बातमीसारखं सरकून जातं.

जिथे अडकशील तिथे थांब. एखादं वाक्य घशाशी आलं तर पुढे जाऊ नकोस. त्याच वाक्यात तुझी माणसं घाल, आईचं नाव घाल, वॉर्डातल्या चार नंबरच्या खाटेवरच्या म्हातारीला घाल. यादी तिथे आपोआप येईल.

एखाद्या दिवशी स्तोत्र तुझ्या मनासारखं नसेल. तू बरी आहेस आणि स्तोत्र रडतंय, किंवा तू रडतेस आणि ते टाळ्या वाजवतंय. त्या दिवशी दुसऱ्याच्या वतीने म्हण. तुझ्या वॉर्डात रडणारा कुणी ना कुणी असतोच, आणि त्याला कदाचित प्रार्थना येत नसेल. स्तोत्रं मुळात मंडळीनं मिळून म्हणायची. एकट्याच्या मनःस्थितीला ती बांधलेली नाहीत.

वैऱ्यांना शाप देणारी स्तोत्रंही लागतील. दचकू नकोस आणि गाळूही नकोस. राग देवापुढे बोलून टाकलेला बरा, म्हणजे तो दुसऱ्या दिवशी ड्युटीवर कुणावर निघत नाही.

वाचून काय वाटलं हे लगेच तपासू नकोस. काही न वाटणारे दिवस पुष्कळ येतील. त्या दिवशीही वाच आणि झोपायला जा. आणि प्रभुभोजन चुकवू नकोस, उपासनेची भाषा परकी असली तरी. भाकर तोडली जाते तिथे आपले शब्द कमी पडले तरी चालतात.

असं काही महिने केलंस की उसने शब्द कुठे संपले आणि तुझे कुठे सुरू झाले हे तुला सांगता येणार नाही. शुक्रवारी संगतीत तुझी पाळी येईल तेव्हा तोंडून एखादं स्तोत्रातलं वाक्य जाईल आणि तुला लाज वाटणार नाही. कुणी मागे ढोंगी म्हणालंच, तर म्हणू दे. मरीयेच्या आणि योनाच्या पंगतीला बसली आहेस.

ओढ मात्र मोडू देऊ नकोस. ती जावी म्हणून मी हे पत्र लिहिलेलं नाही. ओढ लागणं हेच त्याने तुला आपल्याकडे खेचून धरल्याचं लक्षण आहे, असं मी मानते. पण मुकी ओढ माणसाला चिडचिडं करते. तिला बोलू दे.

आज कामावर जायच्या आधी ४२वं आणि ४३वं एका दमात, मोठ्याने, मराठीत वाच. शेजारच्या खोलीतल्या मुलीला ऐकू गेलं तरी हरकत नाही. नाताळपर्यंत रोज वाच. मग मला लिही, आणि मेसेज नको, पत्र लिही.

प्रभू तुला सांभाळो.

तुझी,
आत्या